नोटीस आधी मिळायला हवी

'चूक केली तर लायसन जाणारच, वैमानिकांना वेगळं संरक्षण कशाला?' असं एकाने विचारलंय. माझा भाचा बारामतीत विमान शिकला. सुट्टीत कोथरूडला आला की जेवणानंतर लॉगबुक काढून मिनिटामिनिटाचा हिशेब जुळवत बसायचा. त्या परवान्यावर त्याचं पोट आहे हो! अमेरिकेत स्वतः विमान चालवणारे सिनेटर इनहोफ २०१० मध्ये बंद धावपट्टीवर उतरले, स्वतः चौकशीतून गेले, आणि मग वैमानिकांच्या हक्कांचा २०१२ चा कायदा आला. चौकशीची लेखी नोटीस, टॉवरशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी वैमानिकालाही. शिवाय परवान्याबाबतच्या अपिलात एनटीएसबीने (अपिलं ऐकणारं मंडळ) एफएएने (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) लावलेलाच नियमांचा अर्थ प्रमाण मानायचा, हे बंधन काढलं. मला तरी हेच सर्वांत मोलाचं वाटतं. या कायद्याचा आढावा घ्यायचाच तर नोटीस खरंच वेळेत पोचते का, हे आधी तपासा.