रील बघून पुस्तक घेतलंय का? अनुभव लिहा

हल्ली कुणाला विचारलं पुस्तक कसंय, तर गोष्ट कुणी सांगतच नाही, "रडशील बघ" एवढंच. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली, लगोलग इन्स्टावर रील्स आल्या, तेव्हापासून हे वाढलंय असं मला वाटतं. तुमच्याकडे काय? बिनधास्त लिहा.

▪ पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात असतो. पोरं नाव सांगत नाहीत, रील पॉज करून मोबाईलच पुढे धरतात, "हे आहे का काका?" कव्हर पण तेच लागतं, दुसरी आवृत्ती दाखवली की तोंड वाकडं. पण घेतात हो.

▪ काका, ती दुसरी आवृत्ती बाजूला ठेवा, मी येते न्यायला 😄

▪ आमच्या हॉस्टेलवर पुस्तक असं सांगतात: एनिमीज टू लव्हर्स (आधी वैरी, मग प्रेमी), स्लो बर्न (हळूहळू फुलणारं प्रेम), सॅड एंडिंग. झालं. मोठ्यांना याचा राग येतो पण मलपृष्ठावर "हृदयस्पर्शी कादंबरी" लिहितात त्यातून तरी काय कळतं?

▪ न्यू जर्सी. इथे बार्न्स अँड नोबलमध्ये बुकटॉकचं, म्हणजे टिकटॉकवर गाजलेल्या पुस्तकांचं, वेगळं टेबलच असतं. 'द साँग ऑफ अकिलीस' २०११ चं पुस्तक, २०२१ मध्ये परत बेस्टसेलर झालं ते या रडक्या व्हिडिओंमुळेच. लेकीने तिथूनच उचललं, मी मनात म्हटलं गेले पैसे, तर वाचून झाल्यावर बाई ज्यावर ते बेतलंय ते ग्रीक महाकाव्य इलियड मागायला लागल्या.

▪ मराठीत 'मृत्युंजय' बघा. १९६७ चं पुस्तक, आणि रीलमध्ये काय, तर सूर्यास्त, ढोल आणि कर्णावर अन्याय. आमच्या वाचनालयात एका मुलाला म्हटलं अरे त्यात कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्ण सगळे आपापली बाजू सांगतात, फक्त कर्णाचीच बाजू नाही, तर तो मुलगा म्हणे "पण कर्णच बरोबर ना?" वाक्यं पाठ होती त्याची, पुस्तक उघडलेलं नव्हतं. आता याच्याशी चर्चा काय करायची, तो तर आधीच निकाल लावून आलाय.

▪ मी स्वतः रील्स बनवते, शिव्या खायला तयार आहे. सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदात काही घडलं नाही तर लोक वर सरकवतात, त्यामुळे "बरंय, मधला भाग रटाळ, पण शेवटची पन्नास पानं भारी" असलं खरं मत मांडायला जागाच नसते, एकतर आयुष्य बदललं म्हणा नाहीतर कचरा म्हणा. एकदा तसं खरं बोलून पाहिलं. मावशीने बघितली, आणि तिच्या भिशीतल्या बायकांनी.