सोलापुरात घर घेतलेल्यांनो, घेतल्यावर काय कळलं ते सांगा

तीन महिने झाले घर बघतोय, जुळे सोलापूर, होटगी रोड, शेळगी सगळं पालथं घातलं. एजंट नुसत्या टाईल्स आणि मॉड्युलर किचन दाखवतो. फ्लॅट का रो हाऊस यावरनं घरात रोज वाजतंय. तुम्ही काय बघितलं, काय बघायचं राहिलं, लिहा की.

शेंगाचटणी
पाणी येतं का असं विचारूच नका ओ, येतंच म्हणतात. किती दिवसाआड, किती वाजता, किती वेळ, ते विचारा, आणि बिल्डरला नाही, तळमजल्यावरच्या काकूंना. आम्ही राहायला गेलो तेव्हा पाचव्या दिवशी यायचं, ते पण रात्री २ ला. खालची टाकी १० हजार लिटरची आणि फ्लॅट १२. चौघांच्या घरात माणशी दिवसाला ४० लिटर, म्हणजे दोन बादल्या झाल्या. बोअर आहे म्हणाले होते, आहेच, पण मेमध्ये नुसती हवा सोडतोय. शहराला पाणी देणारं उजनी धरण भरलं म्हणून पेपरात फोटो येतो त्या दिवशी पण आमच्या दारात टँकर उभा.

वरचा मजला
डिसेंबरात बघितला, काय वारा, काय उजेड! एप्रिलपासनं रात्री १ पर्यंत स्लॅब तापलेला, बेडरूमची भिंत पश्चिमेला. घर बघायचं तर मेमध्ये दुपारी ४ ला जा, बास.

पेठेतला
रो हाऊसवाल्यांनी जमीन बघा आधी. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया खाली मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंतीला तडे ठरलेले. आमच्या कंपाऊंडच्या भेगेत दुसऱ्याच वर्षी बोट जात होतं. मालक म्हणाला प्लास्टरचं आहे, पुट्टी मारा.

गुंठेवारीत अडकलेला
स्वस्त मिळालं म्हणून शहराबाहेर २ गुंठे घेतले. एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, लेआऊट मंजूर नाही, सातबाऱ्यावर ११ नावं आणि कागद म्हणजे नोटरीचा स्टॅम्प. नोटरीनं मालकी होत नाही हे मला बँकेतल्या पोरानं सांगितलं, लोन मागायला गेल्यावर. वकिलाकडनं ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमीन आधी कुणाकुणाची होती आणि तिच्यावर काय बोजा आहे ते, काढायला काही हजार लागले असते, ते वाचवले मी! फ्लॅट असेल तर महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या साईटवर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा ८ पर्यंतच फ्लॅट असतील तर महारेराची नोंदणी लागत नाही, मग वापर परवाना, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, स्वतःच्या डोळ्यानं बघा. आणि खरेदी बायकोच्या एकटीच्या नावावर केली तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, तेवढं तरी घ्या.

मागवाला
आमचं घर पूर्व भागात, शेजारी यंत्रमाग. बघायला गेलो तेव्हा एकदम शांत, नंतर कळलं त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. मला काही वाटत नाही, आमचे आजोबा मागावरच होते, लाईट जाऊन खटखट थांबली की त्यांची झोप मोडायची. पण बायको पंढरपूरची. दोन वर्षं काढली तिनं, आता विकायला काढलंय. गिऱ्हाईकाला मी पण सुट्टीच्याच दिवशी बोलावतो, काय करणार.