आमची लॅब खरंच भुकेली असते, की नुसती हावरट?

वेबिल_नाना (सातारा)

नमस्कार मंडळी. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त. घरात मी, सौ., ८४ वर्षांची आई आणि कंदी. कंदी म्हणजे आमची चॉकलेटी लॅब्रेडॉर, वय साडेचार. पिल्लू आणलं तेव्हा हुबेहूब पेढ्याचा रंग होता, आणि साताऱ्यात राहून दुसरं नाव सुचणार कसं?

गेल्या शनिवारी मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्याकडे गुळाच्या ढेपा बाजूला सारून तिला काट्यावर उभी केली. ४१ किलो २०० ग्रॅम. हमाल म्हणाला, "नाना, हिला उचलायची मजुरी वेगळी." डॉक्टर म्हणतात तिशीच्या आसपास हवी. थायरॉइड तपासून झालं, ठीक आहे. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालंय. औषध काही दिलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. घरात खायला कोण घालतं ते शोधा." राग आला, पण गप्प बसलो.

आता हिची रीत सांगतो. मी पहाटे सव्वापाचला उठतो, तेव्हा ही आधीच ओट्याखाली सिलिंडरला टेकून बसलेली. भुंकत नाही, कुईकुई नाही, नुसती बघते. खालच्या ओठाच्या कडेला लाळेचा थेंब जमतो, लांबतो, एकतारी पाकासारखी तार धरतो आणि फरशीवर पडतो. मग दुसऱ्या बाजूचा. चहाला उकळी येईस्तोवर दोन्हीकडे रुपयाएवढी दोन डबकी. कुकरच्या शिट्टीला कान हलवत नाही, पण बिस्किटाच्या डब्याचं झाकण कितीही हळू काढा, मागच्या अंगणातून गाढ झोपेतून उठून येते.

पुतणी म्हणते, "काका, लॅबमध्ये भुकेचं जीन असतं, तिचा दोष नाही." हे खरं आहे का? त्याची टेस्ट करावी का? आणि माझा खरा प्रश्न पुढे आहे. तिला खरोखरच भूक लागत असेल, तर तिचं खाणं तोडणं म्हणजे उपाशी मारणं नाही का? माझी आई दुष्काळी माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून सुकडी खाल्लेली बाई. तिच्यासमोर कुणी भुकेल्या तोंडाने बसलं की तिचा हात आपोआप पोळीकडे जातो. तिला काय सांगू?

शिस्त_एके_शिस्त

आमचा लॅब सात वर्षांचा, २९ किलो. दोन वेळा मोजून खाणं, दोन वेळा चालणं, विषय संपला. घरातल्या माणसांना शिस्त नसली की जीनचं निमित्त सापडतं.

शिरवळची_डॉक्टरीण

शिस्तभाऊ, चारांतल्या तीन लॅबमध्ये जीनमधला तो भुकेचा बदल नसतोच. तुमचा त्या तिघांतला असेल, तर तुमच्या शिस्तीची अजून परीक्षाच झालेली नाही. :)

नाना, पुतणी बरोबर सांगतेय. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, आता कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. केंब्रिज विद्यापीठातल्या एलेनर राफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली ३१० लॅब तपासले. त्यांतल्या साधारण २३ टक्क्यांत पीओएमसी नावाच्या जनुकातली सलग १४ अक्षरं गळालेली निघाली. अंगात चरबीचा साठा पुरेसा आहे, आता अन्नाचा ध्यास सोड, असा निरोप मेंदूत ज्या रसायनांमार्फत फिरतो, त्यांतली दोन या गळतीमुळे नीट बनत नाहीत. जनुकाची प्रत आईकडून एक आणि बापाकडून एक येते. अशा प्रत्येक बिघडलेल्या प्रतीमागे वजन सरासरी दोन किलोंनी जास्त, आणि खाण्यामागे लागणंही जास्त. इतर ३८ जातींत शोधलं, तर फक्त फ्लॅट-कोटेड रिट्रीव्हरमध्ये सापडलं. ते लॅबचे भाऊबंदच. गंमत म्हणजे हे उंदरांवर कधी कळलंच नसतं, कारण त्या दोन रसायनांतलं एक, बीटा-एमएसएच, उंदरांत मुळात बनतच नाही. माणसात मात्र बनतं, म्हणून माणसांच्या लठ्ठपणावर काम करणारेही या कुत्र्यांकडे डोळे लावून आहेत.

आणखी एक. अपंगांच्या मदतीसाठी तयार करतात त्या ८१ लॅबमध्ये हाच बदल ७६ टक्क्यांत निघाला. एका तुकड्यासाठी वाट्टेल ते शिकायला तयार असणारी कुत्रीच तिथे पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली असावीत. म्हणजे कंदीच्या हावरटपणाला 'हुशारी' म्हणणारेही आहेत.

टेस्ट म्हणाल, तर गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. हौस असेल तर करा. निकाल काहीही आला तरी तिची वाटी मी तेवढीच लिहून देणार.

वेबिल_नाना

मॅडम, म्हणजे असं समजू का, की हिची घंटेची दोरीच तुटलेली आहे? जुन्या गाड्यांना दोरी असायची. आम्ही ओढली तरी ड्रायव्हरला ऐकूच गेलं नाही, तर गाडी थांबणार कशी?

शिरवळची_डॉक्टरीण

मलाही आधी असंच वाटायचं. पण २०२४ साली त्याच गटाने ८७ लॅबवर एक प्रयोग केला, तो वाचून माझं मत बदललं. आधी दर वीस मिनिटांनी एकेक डबा खाणं समोर ठेवत गेले, कुत्रं स्वतःहून तोंड फिरवेपर्यंत. सगळ्यांनी अफाट खाल्लं. पण बदल असलेल्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त खाल्लं नाही! मग दुसऱ्या एका दिवशी सकाळचं ठरलेलं खाणं दिलं, बरोबर तीन तास थांबले, आणि भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवून पुढ्यात मांडलं. वास येतोय, दिसतंय, खाता येत नाही. बदल असलेल्या कुत्र्यांनी तो डबा उघडायला बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त धडपड केली.

तेव्हा दोरी तुटलेली नाही, नाना. थांब्यावर गाडी थांबते, सगळ्यांची थांबते तिथेच. पण सुटली की हिला लगेच पुढच्या थांब्याची घाई. शिवाय दुसरं लचांड असं, की हा बदल असलेली कुत्री स्वस्थ पडलेली असताना सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा जाळतात. त्यावर कंदीचं ऑपरेशन झालेलं, त्यानेही गरज घटते.

म्हणून तुमच्या खऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: हो, तिला भूक लागते, ती नाटक करत नाही. पण तिची भूक खोटी खबर घेऊन येते. बहात्तरची भूक खरी खबर होती. आजींना हा फरक सांगून बघा, त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा लवकर कळेल.

वेबिल_नाना

२५ टक्के! म्हणजे ॲव्हरेज एवढं चांगलं, आणि डिझेल मात्र फुल टाकी. डेपोत अशी गाडी मिळाली असती तर मॅनेजरने हार घातला असता.

दोन_लॅबची_आई (रत्नागिरी)

नाना, माझ्याकडे सख्ख्या बहिणी आहेत. एक वाटीत खाणं ठेवून निघून जाते, दुसरी तिचीही वाटी चाटते. घर एक, हात एक, त्यामुळे शिस्तवाल्यांचं बोलणं मी मनावर घेत नाही.

कामाचं सांगते. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या. दिवसाचं सगळं ड्राय फूड सकाळीच वजन करून एका डब्यात भरा. त्याचे दोनाऐवजी चार-पाच भाग करा. शिकवायला, लाडाला, गोळी द्यायला, जे काही लागेल ते त्याच डब्यातून. डबा संपला, दिवस संपला. मी एक भाग रिकाम्या पाण्याच्या बाटलीत घालते आणि बुचाएवढी दोन भोकं पाडते. ती गडगडवत बसते अर्धा तास. शेजारी विचारतात काय चाललंय. वरून द्यायचंच असेल तर काकडी, गाजर, उकडलेली दुधी, बिनमिठाची. कांदा-लसूण नाही. आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे अजिबात नाहीत, कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना ते विष आहे. आमच्याकडे सत्यनारायणाला मी स्वतः दारात उभी राहते.

पण त्याच्याही आधी आठ दिवस, तिच्या तोंडात जे जे जातं ते लिहून काढा. काही बदलू नका, कुणाला बोलू नका, नुसतं लिहा.

वेबिल_नाना

लिहिण्यात माझी हयात गेली, ताई. वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या रोजच्या हिशेबाच्या कागदासारखे, रकाने आखले: वेळ, माल, कोणी दिला. पहिल्या दिवसाचा हिशेब: ड्राय फूड सोडून पोळ्या तीन (आई दोन, तूप लावून, सौ. एक), बिस्किटं आठ (आई तीन, दूधवाला दोन, मी तीन), दूधभात एक वाटी (सौ., "उरला होता म्हणून"). बिस्किटाच्या पुड्यावरचे आकडे वाचून आणि बाकीचं पुतणीला विचारून बेरीज मारली, ७०० कॅलरीच्या आसपास गेली. डॉक्टर म्हणाले, बारीक व्हायचं तर तिला दिवसाला मिळून ९०० द्या. म्हणजे ताटाखालून दुसरी कुत्री पोसली जात होती.

आणि माझी तीन बिस्किटं धरून आहेत, लपवत नाही.

शिस्त_एके_शिस्त

तेच तर म्हणत होतो.

शिरवळची_डॉक्टरीण

अर्धं तुमचं बरोबर आहे, भाऊ. २०२५ साली याच गटाला लॅबमध्ये लठ्ठपणाशी जोडलेलं आणखी एक जनुक सापडलं, डीईएनएनडी१बी. त्याचा संबंध माणसांच्या वजनाशीही दिसला. त्याच कामात असं आढळलं, की ज्यांच्या रक्तातच लठ्ठपणाचा धोका जास्त आहे अशी कुत्रीही, मालकाने खाणं-फिरणं काटेकोर सांभाळलं तर लठ्ठ होत नाहीत. फक्त त्या मालकाला तुमच्यापेक्षा कष्ट जास्त पडतात.

नाना, सौ.ना एक जुना अभ्यास सांगा. ४८ लॅब, एकेका वेतातल्या जोड्या लावून. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, जन्मभर. २००२ साली निकाल छापून आला: भरपूर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री ज्याच्या पुढे जगली तो आकडा) ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. सांधेही त्यांचे उशिरा धरले.

वजन उतरवताना घाई नको, आठवड्याला ४००-५०० ग्रॅम पुरेत. बरगड्या चाचपून बघत जा. आता त्या हाताला तळहातातल्या हाडांसारख्या, मांसाखाली दडलेल्या लागत असतील. पालथ्या पंजावरून बोट फिरवल्यावर हाडं लागतात, तशा लागल्या पाहिजेत.

वेबिल_नाना

अकरा आठवड्यांनी लिहितोय. टेस्ट केली नाही. त्या पैशांचा वजनकाटा घेतला, अडत्याचे किती उपकार घ्यायचे. कंदी आज ३७ किलो १००. बरगड्या रोज चाचपतो, तळहात आणि पालथा पंजा यांच्या अजून मधेच कुठेतरी आहेत. पहाटेची दोन डबकी तशीच पडतात, त्यात काही फरक नाही. पण आता ती माझ्याकडे बघून कंटाळली की स्वतःच बाटली आणून पायाशी टाकते. दूधवाल्याला मुठीत डब्यातल्या ड्राय फूडचे पाच दाणे देऊन ठेवतो, तो तेच घालतो.

आईला सांगायला मला महिना लागला. एके दुपारी ती अंगणात बसलेली, कंदीचं तोंड तिच्या मांडीवर. म्हटलं, "आई, हिला भूक लागते ती खरीच लागते. पण पोटात असतं, अंगावरही असतं, तरी लागते. तशी जन्मलीय." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमचं उलटं होतं. पोटात नसायचं, आणि मुकादमाला पटायचं नाही." पुढे विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने ताटातली काकडी नखाने मोडून चार तुकडे केले आणि एकेक खाली सोडला. तेव्हापासूनची नोंद रोज अशीच आहे: दुपारी साडेबारा, काकडी ४ फोडी, आई. पोळी: निरंक. हा निरंक आईच्या तोंडचा आहे, लाइन चेकिंग अजून झालेलं नाही.