१२ पिनच्या कनेक्टरचं फूटप्रिंट सापडत नाहीये, डाउनलोड करू की स्वतः काढू?

दुसरा_बोर्ड: मंडळी, कीकॅडमध्ये (सर्किट बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) स्किमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, पूर्ण झालं, ईआरसीमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या तपासणीत, एकही एरर नाही, पण फूटप्रिंट (पार्टचे पाय सोल्डर करायचे बोर्डावरचे तांब्याचे पॅड आणि होल यांचा आराखडा) लावायला बसलो आणि अडकलो. १२ पिनचा एक कनेक्टर आहे, त्याचा पार्ट नंबर टाकला तर लायब्ररीत काहीच येत नाही. एका साइटवरून फूटप्रिंट उतरवून घेतलंय, दिसायला ठीक वाटतंय, पण मागच्या वेळी असंच उचललेलं लावलं आणि पार्ट बसलाच नाही, सगळे बोर्ड वाया गेले, म्हणून आता धीर होत नाही. स्वतः काढायचं तर सुरुवात कुठून करू? आणि ८ पायांची फ्लॅश मेमरी आहे, तिला नेहमीचं एसओआयसी-८ (आठ पायांच्या चिपचं पॅकेज) चालेल ना?

तांब्याची_रेघ: पार्ट नंबरने शोधू नकोस, पिच (शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर) आणि पिनांची संख्या टाकून शोध, बहुतेक वेळा सापडतं. फक्त पिच नीट माप. २.५ मिमी आणि २.५४ मिमी हे दोन्ही कनेक्टर मिळतात आणि शेजारशेजारच्या दोन पिना मापल्या तर फरक कळतच नाही. व्हर्नियरने पहिल्या पिनेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत माप घे. २७.५ आलं तर पिच २.५, २७.९४ आलं तर २.५४. चार पिनांचा असता तर ओढूनताणून बसलाही असता, बारा पिनांना जवळजवळ अर्धा मिमी चुकतो, मग नाहीच बसत.

फ्लक्स_आणि_धूर: मेमरीचं आधी बघ रे! एसओआयसी-८ म्हणजे एकच साइज नाही. नेहमीची बॉडी ३.९ मिमी रुंद असते, पण बऱ्याच फ्लॅश मेमरी ५.३ मिमीवाल्या येतात. पायांचा पिच दोन्हीत १.२७च, म्हणून स्क्रीनवर शंका पण येत नाही, आणि सोल्डर करायला घेतलं की पाय पॅडच्या बाहेर. ऑर्डर केलेल्या पार्ट नंबरची शेवटची अक्षरं कंपनीच्या डेटाशीटमधल्या पॅकेजच्या टेबलाशी जुळवून बघ.

जुना_लेआउटवाला: डाउनलोड करायला माझी ना नाही, पण मग प्रत्येक पॅड डेटाशीटशी ताडून बघावा लागतो, आणि तेवढ्या वेळात आपलं काढून होतं. कोऱ्या पानावरून सुरुवात करू नकोस, सगळ्यात जवळचं फूटप्रिंट स्वतःच्या लायब्ररीत कॉपी कर आणि त्यातच बदल कर. डेटाशीटमधलं ड्रॉइंग वरून दाखवलंय की खालून हे आधी वाच, खालून असेल तर पिन नंबर आरशासारखे उलटे होतात. पॅडचे नंबर स्किमॅटिकमधल्या सिम्बॉलच्या पिनांशी जुळलेच पाहिजेत. होल काढताना चौकोनी पिनेचा कर्ण धर, ०.६४ची पिन असेल तर कर्ण साधारण ०.९ होतो, तिथे मी १.० मिमीचं होल देतो. आणि शेवटी कागदावर १००% स्केलने प्रिंट काढ, "फिट टू पेज" बंद ठेव, कागद थर्माकोलवर ठेवून कनेक्टर त्यात खुपस. मी अजूनही प्रत्येक नवीन पार्टला हे करतो.

दुसरा_बोर्ड: सगळं केलं, खूप आभार. माप २७.५ आलं आणि उतरवलेलं फूटप्रिंट २.५४चं निघालं, प्रिंटवर पहिली पिन बरोबर टेकते आणि बारावी वर्तुळाच्या कडेवर जाते. २.५ने नवीन काढलं, आता सगळ्या पिना मधोमध जातात. मेमरीपण ५.३वालीच आहे, फूटप्रिंट बदललं. एकच शंका, कोर्टयार्ड (पार्टसाठी राखून ठेवायची जागा) कनेक्टरच्या बॉडीएवढं ठेवलं तर चालेल का, शेजारी एक उंच कपॅसिटर आहे.

जुना_लेआउटवाला: नाही, त्यात बसणारा प्लग आणि तो काढताना बोटं जातील एवढी जागा धर. लॉकची बाजू सिल्कवर (बोर्डावरच्या छापील खुणांत) दाखव आणि कपॅसिटर त्या बाजूचा असेल तर आत्ताच हलव.