मदत हवी आहे: सातोमी वातानाबेचे कोणते सामने बघावेत?

नमस्कार मंडळी. लेक स्क्वॉश खेळते आणि सध्या घरात एकाच नावाचा जप चालू आहे, सातोमी वातानाबे. १९९९ साली जन्मलेली ही जपानी मुलगी जागतिक क्रमवारीत पहिल्या दहात पोचली. इजिप्तच्या पोरींनी भरलेल्या त्या यादीत जपानचं नाव दिसणं म्हणजे खरंच कमाल आहे!

लेकीची अडचण ड्रॉपची, म्हणजे पुढच्या भिंतीजवळ हळूच टाकायच्या फटक्याची. मागच्या कोपऱ्यातून बरी खेळते, पण पुढे आली की चेंडू हमखास टिनवर (पुढच्या भिंतीच्या तळाची पट्टी, तिला लागला की गुण गेला). व्यावसायिक सामन्यांत टिन १७ इंची, आमच्या क्लबात १९ इंची, त्यामुळे टीव्हीवरचा फटका जसाच्या तसा मारून चालत नाही, हे तिला कोण सांगणार? माझं ऐकत नाही.

तर जाणकारांनो, सातोमीचे कोणते सामने आधी दाखवू? शक्यतो पाच गेमपर्यंत ताणलेले. दमल्यावर ती टी, म्हणजे कोर्टाच्या मधली मोक्याची जागा, कशी राखते ते पाहायचंय.

आणि नागोयाकडे राहणारं कुणी आहे का इथे? २०२६ च्या आशियाई स्पर्धेत स्क्वॉशची तिकिटं कशी काढायची? २०२८ ला लॉस एंजेलिसला स्क्वॉश ऑलिंपिकमध्ये येतंय, पण तिथवर आमचा खिसा पोचायचा नाही.