खिडकीत सापडलेला जंपिंग स्पायडर नवीन प्रजाती आहे का, कसं कळतं?

पडदा_सरकवा:
मंडळी, माझ्या कामाच्या टेबलाशेजारी खिडकी आहे, तिथे चार दिवसांपासून एक उड्या मारणारा कोळी येऊन बसतो. आकार साधारण 6 मिमी, अंग तपकिरी, डोळ्यांभोवती तांबूस छटा. बोट जवळ नेलं की पळत नाही, वळून थेट माझ्याकडे बघतो. मॅक्रो लेन्सने तीसेक फोटो काढले आणि ओळखायच्या ॲपवर टाकले तर तीन फोटोंना तीन वेगवेगळ्या जीनस (जवळच्या प्रजातींचे गट) आल्या. नेटवरच्या कुठल्याच फोटोशी तंतोतंत जुळत नाहीये, म्हणून आता डोक्यात किडा वळवळायला लागलाय की हा नवीनच असला तर? सध्या भोकं पाडलेल्या डबीत ठेवलाय. नवीन आहे हे कसं ठरवतात, आणि नाव द्यायला काय करावं लागतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आठ_डोळे:
उत्साह मोडत नाही, पण फोटोशी जुळत नाही याचा अर्थ फक्त फोटोशी जुळत नाही एवढाच होतो. जंपिंग स्पायडरच्या कुळात, म्हणजे साल्टिसिडीमध्ये, 6000 च्या वर प्रजाती आहेत, कोळ्यांचं सगळ्यात मोठं कुळ हे, आणि त्यातल्या कित्येकांचा जिवंतपणीचा एकही फोटो कुठे नाही, ॲपला काय दोष देणार.

आधी सांगा, वयात आलाय का? सगळं तिथेच अडतं. तोंडाशी दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, पाल्प म्हणतात. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाल्पच्या टोकाला मूठ असते आणि त्या मुठीत एम्बोलस नावाचा काटा, त्यातून मादीला वीर्य दिलं जातं. कोणाचा काटा सुईसारखा सरळ, कोणाचा स्प्रिंगसारखा वेटोळलेला. मुठीच्या मागच्या सांध्याला बाहेरच्या बाजूने एक टोकही असतं, त्याचा आकार, कुठे वळतं, टोक दुभंगलंय का, हे सगळं बघतात. मादीच्या पोटाखाली एपिजिन, म्हणजे तिचं जननेंद्रिय असतं, ते सोडवून पोटॅशियम हायड्रॉक्साइड नाहीतर लॅक्टिक ॲसिडमध्ये पारदर्शक करतात, मग आतल्या नळ्या आणि पिशव्या दिसतात. नवी प्रजाती ठरते ती मुख्यतः ह्यावर. रंगावर गेलात तर फसलात! प्लेक्सिपस पायकुलीचा नर काळा-पांढरा पट्टेरी आणि मादी तपकिरी, शेजारी ठेवलेत तर नवरा-बायको आहेत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

पडदा_सरकवा:
बघितले परत फोटो. पाल्प दोन्ही फुगलेत पण अगदी गुळगुळीत, पाण्याचा थेंब लोंबावा तसे. काटाबिटा काही नाही. आणि काल रात्रीपासून साहेब कोपऱ्यात पांढरी पिशवी विणून आत बसलेत, माशी दिली तर ढुंकून बघितलं नाही. आजारी पडला का?

आठ_डोळे:
आजारी नाही हो, कात टाकणारे! फुगलेला गुळगुळीत पाल्प म्हणजे नर आहे पण वयात यायला एक कात बाकी. अशा पिल्लावरून प्रजातीचं वर्णन करायला जाऊ नये, अजून दाखवण्यासारखं काहीच तयार नाहीये त्याच्याकडे. डबी हलवू नका, थोडा ओलावा ठेवा आणि उरलेली माशी काढून टाका.

जुनी_बाटली:
माझा अनुभव सांगतो म्हणजे हवा थोडी जाईल (माझी गेली होती). एक नर मिळाला होता, पाल्प कशाशीच जुळेना. मी आठ महिने त्याच्यावर बसलो, चित्रं काढली, नावसुद्धा ठरवून टाकलं होतं मनातल्या मनात. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगवर (जगभरातल्या कोळ्यांची ऑनलाइन यादी) नोंदणी केली की जुने पेपर फुकट वाचता येतात, ते एकेक करून चाळत होतो, आणि एके दिवशी एका शंभर वर्षं जुन्या पेपरात फक्त मादीचं वर्णन सापडलं, दोन ओळी आणि अंगठ्याएवढं चित्र. मग नर जिथे मिळाला तिथेच परत जाऊन मादी शोधली, तिचं एपिजिन त्या चित्राशी जुळलं. म्हणजे प्रजाती जुनीच, फक्त तिचा नर कुणी वर्णन केलेला नव्हता. तोही पेपर होतो म्हणा, पण नाव गेलं ना हातचं. तेव्हा निम्म्याहून जास्त काम मायक्रोस्कोपवर नाही, जुनी चित्रं उलटण्यात आहे. खरंच नवीन निघतातही हे खरं, 2022 मध्ये कॅटलॉगमध्ये 50,000 वा कोळी नोंदला गेला तो ब्राझीलचा जंपिंगच होता.

खडूची_पावडर:
डीएनए करून टाकला तर एका झटक्यात कळणार नाही का?

जुनी_बाटली:
मदत होते, झटक्यात नाही. बार्कोडिंगला सीओआय जीनचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचतात आणि डेटाबेसशी ताडून बघतात. आता ज्या प्रजातीचा तुकडा तिथे कुणी टाकलेलाच नाही ती तुम्हाला जुळत नाही म्हणून नवीन वाटणार. परत आलात तुम्ही त्या ॲपपाशीच.

पडदा_सरकवा:
आणि नाव? आणि एक विचारायचं राहिलं, मारावा लागतो का हो?

आठ_डोळे:
वर्णन करायचं तर हो. एक नमुना होलोटाइप म्हणून जाहीर करावा लागतो, तो संग्रहालयात अल्कोहोलमध्ये राहतो, 70-80 टक्के, आणि डीएनएसाठी एखादा पाय 95 च्या वर. उद्या कुणी शंका काढली तर तीच बाटली उघडायची. म्हणून त्याआधी जिवंतपणी फोटो काढून ठेवायचे, अल्कोहोलमध्ये चमक आणि रंग बऱ्यापैकी उतरतात.

नाव मात्र इथे धाग्यावर जाहीर करून चालत नाही. छापील किंवा ऑनलाइन पेपर लागतो, ऑनलाइन असेल तर झूबँकवर (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत नोंदवही) नोंद, आणि इतरांपासून वेगळी कशी हे लिहिलेलं हवं. पुरुषाच्या नावाला शेवटी 'आय', बाईच्या नावाला 'एई' लागतं. 2021 मध्ये आयसियस तुकारामी हा जंपिंग स्पायडर आला तो 26/11 च्या तुकाराम ओंबळेंच्या नावाने. स्वतःचं नाव द्यायला नियमाने बंदी नाही, पण लोक आयुष्यभर हसतात.

पडदा_सरकवा:
अपडेट!! आज सकाळी डबीत कात पडलेली, हातमोजा उलटा काढून टाकावा तशी, आठही पायांच्या नळ्यांसकट. आणि बाहेर आलाय तो वेगळाच प्राणी. काळा कुळकुळीत, चेहऱ्यावर लालसर मुखवटा, पाल्प पांढरे, पोटाच्या सुरुवातीला पांढरी चंद्रकोर आणि मागे पांढरे ठिपके. फोटो टाकलेत.

जुनी_बाटली:
हाहा, हसॅरियस अदान्सोनी. रंगावर जाऊ नका हे खरं, पण ह्या एकाचा वयात आलेला नर तसा कपड्यांवरूनच ओळखू येतो. तरी खात्री हवी तर पाल्पचा बाजूने फोटो टाका. 1826 पासून नाव आहे त्याला, जगभरातल्या उबदार भागात घराघरात असतो, थंड देशांत ग्रीनहाऊसमध्येसुद्धा.

पडदा_सरकवा:
म्हणजे दोनशे वर्षं उशीर झाला मला 😂 पाल्पचा फोटो टाकलाय. दोन दिवस अंग कडक होऊ देतो, मग परत खिडकीत.

खडूची_पावडर:
आमच्या बाथरूममध्ये पण एक आहे, फोटो टाकू का?

आठ_डोळे:
टाका. आधी पाल्प बघून या.