राजा वारला म्हणून नाणं? (१९०९ चं ३ मार्क)

चांदीरुपं: माझ्याकडे श्वार्त्सबुर्ग-झोंडर्सहाउझेन नावाच्या चिमुकल्या जर्मन संस्थानाचं १९०९ चं ३ मार्कचं नाणं आलंय, त्यावर कार्ल गुंथरचा चेहरा आहे आणि कॅटलॉग म्हणतो तो वारला म्हणून काढलेलं. राज्यारोहणाचं, लग्नाचं नाणं समजू शकतो, पण मरणाचं कशाला? आणि हे खरं चलन होतं की नुसतं मेडल? थोडं काळं पडलंय, पॉलिश करू का?

टालरप्रेमी: पॉलिश अजिबात नको!! प्रथा जुनी आहे हो, तिकडे याला श्टेर्बेटालर म्हणतात, म्हणजे मरणाचा टालर (टालर म्हणजे जुनं मोठं चांदीचं नाणं). १६५६ ला सॅक्सनी या जर्मन राज्याचा शासक योहान गेओर्ग पहिला गेला तेव्हाचेही आहेत. जन्म कधी, गादीवर कधी बसला, गेला कधी, सगळं नाण्यावर कोरायचे, म्हणजे समाधीचा लेखच म्हणा, फक्त लोकांच्या हातात जाणारा.

तुमचं मेडल नाही, रीतसर चलन. जर्मन साम्राज्यात गरुडाची बाजू सगळ्यांची सारखी, दुसरी त्या त्या संस्थानाची, त्यामुळे छोट्या राजांना आपला चेहरा मिरवायला तीच जागा. जुना टालर ३ मार्कला चालायचा, तो १९०७ ला बंद झाला आणि १९०८ पासून ३ मार्कची नाणी आली. वजन १६.६७ ग्रॅम, ३३ मिमी, कडेवर 'गॉट मिट उन्स' (देव आमच्यासोबत), एवढं तपासून घ्या.

जुनीटांकसाळ: यात मला सगळ्यात भिडतं ते वेगळंच. बर्लिनला अशी ७० हजार पाडली आणि त्या संस्थानाची लोकसंख्याच नव्वद हजारांच्या आत होती, म्हणजे जवळपास माणसागणिक एक नाणं! कार्ल गुंथरला मूलबाळ नव्हतं, गादी श्वार्त्सबुर्ग-रुडोलश्टाट या दुसऱ्या संस्थानाच्या गुंथर व्हिक्टोरकडे गेली आणि त्याने झोंडर्सहाउझेनचं एकही नाणं काढलं नाही. म्हणजे राजाच्या मरणाचं नाणं तेच त्या संस्थानाचं शेवटचं नाणं.

आवडलं तर सॅक्स-मायनिंगन या दुसऱ्या जर्मन संस्थानाचं १९१५ चंही शोधा. तिथला ड्यूक गेओर्ग दुसरा २५ जून १९१४ ला गेला, महायुद्धाला निमित्त ठरलेल्या सारायेव्होच्या हत्येच्या तीनच दिवस आधी, आणि त्याचं नाणं निघालं ते ऐन महायुद्धात. ३ मार्कची फक्त ३० हजार, म्युनिकच्या टांकसाळीची, तिची खूण 'डी' बघा.

चांदीरुपं: शेवटचं नाणं आहे हे माहीतच नव्हतं, काल नुसतं बाकीच्यांबरोबर डबीत टाकलं होतं. आत्ताच काढून वेगळं ठेवलं, काळेपणासकट.